ग्रुपचे बिऱ्हाड हलवताना



गेल्या हिवाळ्यात आमच्या गावातील बेने इस्राएल मंडळींचा ग्रुप आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवरून टेलिग्रामवर हलवला. हलवणाऱ्या तिघांत मी एक होते. दोनच आठवड्यांनी एक वृद्ध बाई वारल्या. लेवाया दुपारी होती आणि वेळ सकाळीच नव्या ग्रुपवर लागली. त्यांची अलिबागची बालमैत्रीण, जिला आम्ही सगळे मावशी म्हणतो, ती मात्र आली नाही. शिवाच्या तिसऱ्या दिवशी तिला कळले. "अगं, माझा फोन तर चालूच होता," एवढेच ती मला म्हणाली. ती रोज जुना ग्रुप उघडून पाहत होती आणि तो आम्ही पहिल्याच दिवशी बंद केला होता.

चूक आमची होती. इतर गावांतील मंडळींनी ती करू नये म्हणून हे लिहिते.

मुळात हलायचे कशाला? व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश आणि फोटो ज्याच्या त्याच्या फोनमध्ये राहतात. फोन हरवला आणि नक्कल ठेवलेली नसली, की मलिद्याचे फोटो, मेहंदीची गाणी, आजोबांच्या आवाजातले कीर्तन सगळे गेले. टेलिग्राम हे कंपनीच्या संगणकांवर ठेवते. ग्रुपच्या चालकांनी परवानगी ठेवली असेल, तर नव्याने आलेल्या सभासदालाही मागचे सारे दिसते. परदेशी वाढलेल्या नातवंडांसाठी ही मोठी सोय आहे.

पण तिची दुसरी बाजूही पाहावी. व्हॉट्सअ‍ॅपवरचा संदेश पाठवणारा आणि घेणारे यांच्याखेरीज कोणाला, अगदी कंपनीलाही, वाचता येत नाही. टेलिग्रामच्या साध्या ग्रुपला तसे कुलूप नाही. म्हणून तेउदत झेहूतचा क्रमांक, बँकेची माहिती, आजारपणाचे कागद तिथे टाकू नयेत. शिवाय कोणतीच जागा कायमची नसते. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले, गूगल प्लस २ एप्रिल २०१९ रोजी. तेव्हा मोलाचे फोटो व ध्वनिमुद्रणे निवडून निदान दोन घरांतील संगणकांवर ठेवावीत.

जुने संदेश नेण्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपमध्ये 'एक्स्पोर्ट चॅट' आहे. त्यातून तारीखवार मजकूर मिळतो. फोटो मात्र ठरावीक मर्यादेपर्यंतच येतात, म्हणून ते वेगळे जपावे लागतात. हा मजकूर थेट टेलिग्राममध्ये नेण्याची सोय २०२१ पासून आहे. ती वापरण्यापूर्वी सभासदांना विचारा. कोणी तरी आपल्या मुलाच्या घटस्फोटाबद्दल चाळीस ओळखीच्या माणसांत लिहिले असेल. ते उद्या येणाऱ्या नवख्याने वाचावे असे त्याला वाटेलच असे नाही.

येथवरचे काम एखादा जाणता नातू एका संध्याकाळी करील. माणसे हलवणे हे त्याहून अवघड. आम्ही जुन्या ग्रुपवर नव्या ग्रुपची लिंक टाकली आणि खाली दोन ओळी हिब्रूत लिहिल्या. मावशीला हिब्रू बोलता येते, वाचता येत नाही. तिच्यासारखे किती तरी आहेत. सूचना मराठीत आणि हिब्रूत द्या, आणि तीच आवाजातही पाठवा.

सर्व सभासदांची नावे कागदावर उतरवा. प्रत्येक नावापुढे कोण फोन करणार ते लिहा आणि माणूस नव्या ग्रुपवर दिसल्यावरच खूण करा. "लिंक पाठवली" याला खूण नाही. ज्यांना जमत नाही त्यांच्या घरी जा, शेजारी बसा, त्यांच्याच हाताने एक संदेश पाठवायला लावा.

रोश हशानापासून सिम्हाथ तोरापर्यंतच्या गडबडीत हे काम काढू नका. पहिला महिनाभर दुःखाच्या, मिन्यानच्या आणि समारंभांच्या सूचना दोन्हीकडे द्या. गप्पा मात्र नव्या जागीच होऊ द्या, नाही तर अर्धी मंडळी इकडे आणि अर्धी तिकडे राहतील. त्यानंतर जुन्या ग्रुपवर फक्त चालकच लिहू शकतील अशी व्यवस्था करा, पण तो पुसू नका. नव्या जागेचा पत्ता तिथे राहू द्या.

आपले वाडवडील कोकणातून मुंबईस आले तेव्हा पेणचे पेणकर, चौलचे चौलकर, नवगावचे नवगावकर झाले. जुना पत्ता नावातच राहिला, म्हणून कोण कुठला हे आजही इथे दिमोना-लोदमध्ये विचारता येते. ग्रुप हलवतानाही मागून येणाऱ्याला वाट सापडली पाहिजे.

मावशी आता नव्या ग्रुपवर आहे. तिच्या नातवाने तीनदा शिकवले. तरीही लेवायाची बातमी आली की आम्ही सहा जणी यादी वाटून घेऊन फोन करतो. माझ्या यादीत पहिले नाव तिचे आहे.