गुमसाहीची वाट

ओडिशातील कंधमाल हा डोंगराळ, दाट जंगलाचा जिल्हा. फुलबनी या त्याच्या मुख्य गावापासून सुमारे १५ किलोमीटर अंतरावर डोंगरांत गुमसाही ही वस्ती आहे. येथे रस्ता नव्हता. रस्ता नाही म्हणून एकेक कुटुंब वस्ती सोडून गेले आणि अखेर भाजी विकणारे जालंधर नायक यांचे एकच घर मागे उरले.

नायक यांना तीन मुलगे. शाळेकडे जायचे म्हणजे अरुंद, दगडगोट्यांची पायवाट तुडवायची. मुले ठेचकाळताना बापाला दिसत होती. स्वतः नायक शाळेची पायरी चढलेले नव्हते. मुलांचे तसे होऊ नये एवढाच त्यांचा आग्रह. इतरांप्रमाणे घर हलवणे सोपे होते. त्यांनी पहार आणि कुदळ उचलली.

रोज आठ तास, अशी दोन वर्षे. एकही खाडा धरला नाही तर हे ५,८४० तास होतात. खाडे वजा केले तरी काही हजार तास उरतातच, आणि हातावर पोट असलेल्या माणसाच्या बाबतीत त्यातला प्रत्येक तास म्हणजे बुडालेली कमाई. जानेवारी २०१८ पर्यंत सुमारे आठ किलोमीटर रस्ता तयार झाला होता. विशेष म्हणजे, तो करताना झाडे तुटू नयेत याची त्यांनी काळजी घेतली होती. उरलेले सात किलोमीटर तीन वर्षांत पुरे करायचे, असा त्यांचा बेत होता.

वृत्तपत्रात बातमी आली तेव्हा शासकीय यंत्रणेला जाग आली. जिल्हाधिकाऱ्यांनी नायक यांना बोलावून त्यांचा गौरव केला आणि झालेल्या कामाची मजुरी रोजगार हमी योजनेतून देण्याचे जाहीर केले. हा निर्णय उचितच म्हटला पाहिजे. कोणीही न सांगितलेल्या कामाची मजुरी देण्याची तयारी सरकारी दप्तराने क्वचितच दाखवली असेल. मात्र जी कुटुंबे आधीच निघून गेली, त्यांचे नुकसान कोणत्या खात्यावर मांडायचे?

लोकांनी नायक यांची तुलना बिहारच्या दशरथ मांझी यांच्याशी केली. मांझी यांनी १९६० ते १९८२ या काळात गया जिल्ह्यातील गेहलौर येथे डोंगर फोडून वाट काढली होती. पण महाराष्ट्राला त्यासाठी इतके दूर पाहण्याचे कारण नाही. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील गुंडेगावचे राजाराम भापकर गुरुजी १९५७ साली कोळेगावच्या शाळेत नोकरीला होते. मध्ये संतोषा डोंगर आडवा. देऊळगावावरून वळसा घेतला तर २९ किलोमीटर पडत. सरकारदरबारी केलेली विनंती निष्फळ ठरली, तेव्हा गुरुजींनी गावकऱ्यांना हाताशी धरले. मजुरी मात्र कोणाची बुडवली नाही. ती स्वतःच्या पगारातून दिली आणि त्यासाठी निम्मा पगार खर्ची पडे.

घरात बसून निम्म्या पगारात महिना काढणाऱ्या गृहिणीचा वाटा या कामात किती, हे कोणी विचारलेले दिसत नाही.

१९९७ साली डोंगरातला तो रस्ता पूर्ण झाला आणि अंतर दहा किलोमीटरवर आले. असे एकूण सात रस्ते गुरुजींनी केले. लांबी सुमारे ४० किलोमीटर. नोकरी संपल्यावर निवृत्तिवेतनही त्याच कामी लागले. नायक यांना निदान मजुरी जाहीर झाली. गुरुजींनी, त्यांच्याच सांगण्यानुसार, सरकारकडून एक रुपयाही घेतला नाही.