मोठ्यांची अध्ययन अक्षमता मोजायची कशाने?

अध्ययन अक्षमतेवर संशोधन करायचं म्हटलं की बहुतेक जण शाळा गाठतात. मुलं एका जागी सापडतात आणि चाचण्याही मुलांसाठीच बनलेल्या आहेत. निम्हान्सच्या चाचणीसंचाचे दोन स्तर आहेत, 5 ते 7 आणि 8 ते 12 वर्षं. मराठीतही असलेली 2015 ची ‘डाली’ चाचणी पाचवीपर्यंतच्या मुलांसाठी. पण वाचताना होणारी ही ओढाताण दहावीच्या निकालाबरोबर संपत नाही. शाळेत ‘ढ’ ठरलेला माणूस पस्तिशीत पुन्हा शिकायला लागला, तर त्याला कुठली चाचणी लावणार?

नाशिकमध्ये हा प्रश्न जास्त टोचतो. गंगापूर धरणाजवळ 1989 पासून मुक्त विद्यापीठ आहे, तेच मुळी शिक्षण सुटलेल्यांसाठी. बारावी राहिलेल्यांसाठी त्यांनी पूर्वतयारी शिक्षणक्रम आणला. मात्र दूरशिक्षणात वर्ग जितके कमी, तितकं स्वतःचं वाचन जास्त. वर्गात नुसतं ऐकून निभावून नेणाऱ्याची इथे पंचाईत होते. दार उघडं, पण आत सगळा छापील मजकूर!

1995 च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते, त्यांत अध्ययन अक्षमता नव्हती. 2016 च्या कायद्यातल्या 21 प्रकारांत ती आली. सरकारी नोकरीतल्या आरक्षणासाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. समुचित सोय, म्हणजे लेखनिक, जादा वेळ वगैरे, ही त्याहून वेगळी गोष्ट. ती 40 टक्क्यांवर अडवून ठेवता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये विकास कुमार विरुद्ध यूपीएससी खटल्यात सांगितलं. तो खटला लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या उमेदवाराचा होता, पण तत्त्व इथेही लागू पडतं.

आता संशोधनाचं बोलू. नमुन्यात फक्त दाखलेवाले घेतलेत, तर ज्यांच्या घरच्यांना वेळेत दाखला काढणं जमलं तेवढेच हाती लागतील. खरा अडलेला माणूस बाहेरच राहतो.

दुसरं म्हणजे मोजता काय? इंग्रजीत स्पेलिंग आणि उच्चार यांचा मेळ नसतो, म्हणून वाचताना चुका भरपूर दिसतात. देवनागरी बऱ्यापैकी उच्चाराप्रमाणे चालते. इटालियन, जर्मन अशा लिपी-उच्चार जुळणाऱ्या भाषांत हीच अडचण चुकांपेक्षा संथ वाचनात जास्त दिसते. मोठा माणूस जोडाक्षर बरोबर वाचेल, पण पान संपायला दुप्पट वेळ घेईल. नुसत्या चुका मोजल्यात तर तो ‘नॉर्मल’ निघतो!

माझ्या मते, त्याला एकच मजकूर तीन प्रकारे देऊन बघावा: ठरलेल्या वेळेत, जादा वेळेत आणि ऐकवून. प्रश्न त्याच काठिण्याचे, क्रम प्रत्येकासाठी बदलता. मजकूर शक्यतो कामावरचा घ्या. सातपूरच्या कारखान्यातली यंत्रावरची सूचना चालेल, इसापनीती नको. कुठल्या सोयीने किती फरक पडला हा आकडा विद्यापीठालाही लागेल आणि मालकालाही.