संगणकाची सफाई : काय काढावे, काय ठेवावे?

दिवाळीपूर्वी घराची सफाई होते, तेव्हा माळ्यावरची अडगळ खाली येते. त्यातला एखादा लाकडी तुकडा निरुपयोगी समजून टाकला जातो आणि नंतर कळते, की तो जात्याचा खुंटा होता. जाते जागेवर असते. पण ते फिरवता येत नाही. संगणकाच्या सफाईतही असे घडू शकते.

संगणक वापरता वापरता त्यात तात्पुरत्या फाइली आणि काढून टाकलेल्या सॉफ्टवेअरचे अवशेष साचत जातात. ते दूर करणारी सफाईची सॉफ्टवेअरही उपलब्ध असतात. दिल्लीतील नेहरू प्लेसच्या बाजारातून जुना संगणक घेऊन घरीच प्रोग्रामिंग शिकणाऱ्या विद्यार्थ्याला त्यांचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. त्याच्या संगणकात जागा थोडी असते आणि गतीही मंद असते. एक बटण दाबताच दोन्ही अडचणी दूर होतील, असे आश्वासन त्याला मिळते. परंतु कधी कधी सफाईनंतर पत्र लिहिता येते, गाणी ऐकता येतात; प्रोग्राम लिहिण्याची साधने मात्र चालेनाशी होतात. असे का होते?

विंडोज प्रणालीत 'रजिस्ट्री' नावाची एक मोठी नोंदवही असते. १९९२ मध्ये आलेल्या विंडोज ३.१ पासून ती या प्रणालीचा भाग आहे. कोणते सॉफ्टवेअर कोठे आहे आणि ते कोणत्या फाइलींवर अवलंबून आहे, याची माहिती तिच्यात असते. सफाईचे सॉफ्टवेअर ही नोंदवही चाळते. ज्या नोंदीत सांगितलेली फाइल सापडत नाही, ती नोंद ते निरुपयोगी ठरवते. परंतु ती फाइल त्या वेळी न जोडलेल्या बाह्य डिस्कवरही असू शकते. न दिसणे आणि नसणे यांतला फरक यंत्राला कळत नाही.

प्रोग्राम लिहिण्याची साधने या चुकीला सहज बळी पडतात. कंपायलर, संपादक आणि तयार फाइलींचे संच अशा अनेक घटकांची ती साखळी असते. एकाच साधनाच्या दोन आवृत्त्या शेजारी शेजारी नांदतात. जुनी आवृत्ती फालतू वाटते. पण एखादे काम तिच्यावरच उभे असते. विंडोजमधील 'इन्स्टॉलर' नावाच्या फोल्डरचेही तसेच आहे. तो बरीच जागा व्यापतो आणि एरवी कोणी उघडत नाही. मात्र सॉफ्टवेअरची दुरुस्ती करताना, ते अद्ययावत करताना किंवा काढून टाकताना त्यातल्याच फाइली लागतात. त्या पुसल्या, तर आज काहीच बिघडत नाही. बिघाड काही महिन्यांनी उघड होतो. तोपर्यंत सफाईचा विसर पडलेला असतो आणि विद्यार्थी स्वतःच्याच प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतो.

ही चूक जाणत्यांच्या साधनांकडूनही झाली आहे. अर्धवट राहिलेल्या स्थापनेच्या नोंदी काढण्यासाठी मायक्रोसॉफ्टने स्वतःच 'विंडोज इन्स्टॉलर क्लीनअप' हे साधन दिले होते. त्यामुळे कधी कधी इतर घटकांचे नुकसान होते, असे आढळल्यावर २०१० मध्ये कंपनीने ते मागे घेतले. रजिस्ट्री साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या वापरास आपण पाठिंबा देत नाही, अशीही तिची भूमिका आहे.

याचा अर्थ सफाई करूच नये, असा नाही. केंद्र सरकारने २१ फेब्रुवारी २०१७ रोजी नवी दिल्लीत सुरू केलेले 'सायबर स्वच्छता केंद्र' संगणकात शिरलेले अपायकारक प्रोग्राम काढण्याची साधने विनामूल्य देते. तेथे हटवायचा असतो तो ओळखलेला शत्रू. रजिस्ट्रीच्या सफाईत मात्र बाद होते ते केवळ ओळख न पटलेले.

म्हणून काही पथ्ये पाळावीत. कचरापेटी आणि तात्पुरत्या फाइली विंडोजच्याच सोयीने काढाव्यात. नको असलेले सॉफ्टवेअर त्याच्या नेमून दिलेल्या मार्गानेच काढावे. रजिस्ट्रीला हात लावण्यापूर्वी तिची प्रत ठेवावी. स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामची प्रत तर नेहमीच दुसरीकडे असावी. कारण साधने पुन्हा बसवता येतात, हरवलेले काम मात्र नव्याने करावे लागते. यादीतली एखादी वस्तू कशासाठी आहे हे ठाऊक नसेल, तर ती राहू द्यावी. आपले अज्ञान हा त्या वस्तूच्या निरुपयोगीपणाचा पुरावा नव्हे.