'सेव्ह ॲज'च्या चौकटीतून दिसणारा सर्व्हर

सीए ऑफिसात हिशेबाचं सॉफ्टवेअर सर्व्हरवर असतं आणि आर्टिकलशिपची मुलं ते घरून रिमोटॲप म्हणून उघडतात. विंडोज सर्व्हर २००८ पासून ही सोय आहे. पूर्ण डेस्कटॉप न येता एका सॉफ्टवेअरची खिडकी तेवढी पडद्यावर येते, म्हणून माणूस तेवढ्यापुरताच आत आला आहे असं वाटतं. तसं नसतं. सर्व्हरवर त्याचं सबंध सेशन चालू असतं. दाखवली जाते फक्त ती खिडकी.

रिपोर्ट काढून 'सेव्ह ॲज' दाबा. जी चौकट उघडते ती फाइल एक्सप्लोररचंच रूप आहे. ड्राइव्हची यादी, पत्त्याची पट्टी, राइट क्लिकचा मेनू, सगळं तिच्यात हजर. 'ओपन'ची चौकट घेऊन सिस्टम३२ फोल्डर गाठायचं, फाइलप्रकार 'ऑल फाइल्स' करायचा, सीएमडीवर राइट क्लिक करून 'ओपन' म्हणायचं. काळी खिडकी उघडते आणि ती चालते सर्व्हरवर. एवढं करायला हॅकर असावं लागत नाही.

बहुतेक जण यावर ग्रुप पॉलिसीतून ड्राइव्ह लपवतात. 'हाइड दीज स्पेसिफाइड ड्राइव्ह्ज' ही पॉलिसी रजिस्ट्रीत नोड्राइव्ह्ज नावाचा एक आकडा लिहिते. ए म्हणजे १, बी २, सी ४, डी ८, असं दुप्पट होत जातं. सी आणि डी लपवायचे तर १२, सगळे २६ लपवायचे तर ६७१०८८६३. पॉलिसीच्या तयार यादीत मोजकेच पर्याय आहेत, त्यामुळे फक्त ई ड्राइव्ह लपवायचा असेल तर १६ हा आकडा रजिस्ट्रीत स्वतः भरावा लागतो. पण यातून जातं ते फक्त चिन्ह. फाइलच्या नावाच्या जागी सी ड्राइव्हचा पत्ता टाइप केला की आतलं सगळं समोर येतं. म्हणून जोडीला 'प्रिव्हेंट ॲक्सेस टू ड्राइव्ह्ज' ही दुसरी पॉलिसी लावायची. मग पत्ता टाइप केला तरी निर्बंधाचा संदेश येतो. तरीही या दोन्ही पॉलिसी एक्सप्लोररपुरत्या आहेत. एखादा प्रोग्राम स्वतःहून ड्राइव्ह वाचत असेल, तर त्याला त्या अडवत नाहीत.

खरं कुलूप एनटीएफएस परवानग्यांचं, आणि कामाला सुरुवात तिथूनच करावी असं माझं ठाम मत आहे. प्रत्येक क्लायंटच्या फोल्डरवर ज्या गटाचं काम त्यालाच हक्क द्यायचे, 'युजर्स' गटाला वारशाने आलेले हक्क काढायचे. सी ड्राइव्हच्या मुळाशी साध्या युजरलाही नवं फोल्डर करता येतं, तेही बंद करायचं. शेअरवर ॲक्सेस-बेस्ड एन्युमरेशन चालू केलं की ज्यावर हक्क नाही ते फोल्डर यादीतच येत नाही.

काळ्या खिडकीसाठी ॲपलॉकर. त्याचे डीफॉल्ट नियम विंडोज फोल्डरमधलं सगळं चालू देतात, म्हणजे सीएमडी आणि पॉवरशेलही. त्यांच्यासाठी युजरच्या गटावर वेगळा 'डिनाय' नियम लिहावा लागतो. नुसती कमांड प्रॉम्प्ट बंद करणारी पॉलिसी पॉवरशेलला हात लावत नाही. ॲपलॉकर आधी ऑडिट मोडवर ठेवा, इव्हेंट लॉगमध्ये काय काय अडलं असतं ते वाचा आणि मगच नियम सक्तीचे करा, नाहीतर महिनाअखेरीला छपाईच बंद पडायची.

उलट दिशेचा रस्ताही असतो. घरच्या कॉम्प्युटरचे ड्राइव्ह सेशनमध्ये जोडले गेले तर त्याच चौकटीत ते दिसतात आणि क्लायंटचा डेटा सरळ घरी उतरतो. 'डू नॉट अलाऊ ड्राइव्ह रीडायरेक्शन' चालू करा. क्लिपबोर्डची पॉलिसी वेगळी आहे, ती विसरू नका. रिपोर्ट कुठे ठेवायचे ही अडचण मात्र खरी असते. त्यासाठी प्रत्येकाला एक नेटवर्क फोल्डर द्या, नाहीतर लोक वाट काढतातच.

यातल्या युजरवर लागणाऱ्या पॉलिसी फक्त या सर्व्हरपुरत्या हव्यात, म्हणून सर्व्हरच्या ओयूवर लूपबॅक प्रोसेसिंग लावायचं. नाहीतर माणसाच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरचेही ड्राइव्ह गायब होतात. तपासणी ॲडमिनच्या लॉगिनने करू नका. आर्टिकलच्या गटातलं एक साधं खातं काढा आणि 'सेव्ह ॲज', 'ओपन', प्रिंटची 'पीडीएफ' चौकट, मदतीच्या पानावरची लिंक, जिथून जिथून चौकट उघडते तिथून सी ड्राइव्हचा पत्ता टाइप करून बघा.