फोटो साफ झाला, पण चेहरा कोणाचा?

जुन्या, पुसट फोटोत दडलेला चेहरा एआय शोधून काढतं, असं अनेकांना वाटतं. फोटो एडिटिंगच्या नव्या सुविधांबद्दलचा हा सर्वांत चिवट गैरसमज आहे. घराघरांतल्या जुन्या फोटोंचा सगळ्यात मोठा घात यातूनच होतो, असं माझं मत आहे. जे फोटोत उमटलंच नाही किंवा ओलीने आणि बुरशीने खाऊन टाकलं, ते कुठल्याही सॉफ्टवेअरला परत आणता येत नाही. असंख्य चेहरे पाहून शिकलेलं मॉडेल त्या पुसट ठिपक्यांशी जुळेल असा एक चेहरा नव्याने तयार करतं. तो बघणाऱ्याला पटतो. पण तो तुमच्या पणजीचाच असेल, याची हमी कुणीही देऊ शकत नाही.

२०२० मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी बनवलेल्या ‘पल्स’ या प्रणालीत हे ढळढळीत दिसलं. बराक ओबामा यांचा अगदी मोजक्या ठिपक्यांचा धूसर फोटो तिला दिला, तेव्हा तिने एका गोऱ्या माणसाचा चेहरा काढून दिला. ठिपके जुळत होते, माणूस मात्र बदलला होता. २०२४ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या एका न्यायालयाने खुनाच्या खटल्यात एआयने सुधारलेला मोबाइल व्हिडिओ पुरावा म्हणून घ्यायला नकार दिला. काय घडलं याऐवजी काय दिसायला हवं याचा मॉडेलने बांधलेला अंदाज त्यात येतो, हा त्यामागचा एक मुख्य आक्षेप होता.

‘कृष्णधवल फोटोला मूळ रंग परत मिळतात’ ही समजूतही याच कुळातली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या कित्येक प्लेट्स आणि फिल्म्स लाल रंग टिपतच नव्हत्या. त्यांत लाल लुगडं जवळजवळ काळं उमटायचं आणि निळं कापड फिकट. त्या करड्या छटेत शालूचा रंग शिल्लकच नसतो, तिथे एआय तो आणणार कुठून? नथ, कपाळावरची चिरी, गालावरचा तीळ या खुणा तर मॉडेलला डाग वाटू शकतात आणि पुसल्या जाऊ शकतात. म्हणून मूळ फोटो आधी नीट स्कॅन करून जपून ठेवावा, सुधारलेल्या प्रतीच्या नावातच ‘एआय’ असं लिहावं आणि लुगड्याचा रंग घरातल्या थोरांना विचारावा. ज्यांनी पाहिलंय ती माणसं आहेत तोवरच हे शक्य आहे.

याच्या दुसऱ्या टोकाला ‘एआयचा हात लागला की फोटो खोटा’ हा गैरसमज आहे. त्याने प्रामाणिक छायाचित्रकारांवर अन्याय होतो. फोटोशॉपमध्ये एका क्लिकवर माणूस निवडला जातो, तेव्हा एआय फक्त माणसाची कड कुठे संपते ते ठरवतं, नवं काहीच काढत नाही. २०२३ मध्ये लाइटरूम या फोटो एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये आलेलं ‘डीनॉइझ’ अंधारातल्या फोटोतले रंगीत कण कमी करतं. त्यात अंदाज असतो, हे खरं. पण अंदाज तर बहुतेक सगळे डिजिटल कॅमेरे करतात. कोडॅकच्या ब्राइस बायर यांनी आखलेल्या रचनेत (पेटंट १९७६) प्रत्येक पिक्सेल लाल, हिरवा, निळा यांपैकी एकच रंग मोजतो आणि उरलेले दोन शेजारच्या पिक्सेलांवरून भरले जातात. हा अंदाज शेजारच्या मोजमापाला बांधलेला असतो. फोटोशॉपमध्ये २०२३ मध्येच आलेल्या ‘जनरेटिव्ह फिल’ला असं बंधन नाही: ‘होडी’ असं लिहिलं की रिकाम्या पाण्यात कधीही नसलेली होडी येते.

हा फरक पुसला की काय होतं, ते २०२४ मध्ये इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटाने अनुभवलं. किरकोळ दुरुस्ती केलेल्या खऱ्या फोटोंवरही इन्स्टाग्रामने ‘एआयने बनवलेलं’ असा शिक्का मारला, छायाचित्रकार संतापले आणि कंपनीला त्याचे शब्द बदलावे लागले.

‘पूर्वीचे फोटो खरे असायचे’ असंही सरसकट म्हणता येत नाही. नॅशनल जिऑग्राफिकने फेब्रुवारी १९८२ च्या उभ्या मुखपृष्ठात बसावेत म्हणून गिझाचे पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवले होते. फोटोशॉप बाजारात यायला तेव्हा आठ वर्षं होती. आजचा सवाल अधिक नाजूक आहे. गूगलच्या पिक्सेल ८ मधलं ‘बेस्ट टेक’ लागोपाठ काढलेल्या फोटोंतून प्रत्येकाचा चांगला चेहरा उचलून एकत्र बसवतं. लग्नाच्या ग्रुप फोटोतलं प्रत्येक हसू खरं, पण सगळे एकाच वेळी हसले असा क्षण आलाच नव्हता.

‘फोटो माझ्या मोबाइलमधून बाहेर जात नाही’ ही समजूतही सरसकट खरी नाही, ते सुविधेनुसार बदलतं. फोटोतल्या नको त्या गोष्टी पुसणारं ॲपलचं ‘क्लीन अप’ फोनवरच चालतं. ‘जनरेटिव्ह फिल’ मात्र ॲडोबीच्या सर्व्हरवर. ओळखपत्राचा किंवा लहान मुलांचा फोटो कुठल्याही अनोळखी ॲपला देण्यापूर्वी हे पाहून घ्याच.

राहिला लेबलचा भरवसा. ‘कंटेंट क्रेडेन्शियल्स’ ही खूण फोटोवर कोणते संस्कार झाले याची नोंद ठेवते. २०२३ चा लायका एम११-पी हा कॅमेरा तर ती फोटो टिपतानाच जोडतो. पण स्क्रीनशॉट काढला की ती नोंद सहज गळून पडते, त्यामुळे लेबल नसण्याला काहीच अर्थ उरत नाही. वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धा तर अंतिम टप्प्यातल्या छायाचित्रकारांकडून कॅमेऱ्यातल्या मूळ फाइल्स मागवून तपासते. तिच्या नियमांत डीनॉइझसारख्या सुविधांना मर्यादेत मुभा आहे, जनरेटिव्ह फिलला मनाई आहे, आणि फोटो मोठा करताना नवे तपशील भरणाऱ्या एआय साधनांनाही मनाईच आहे.