जोडीनं वाचायची पुस्तकं

तीन वर्षांपूर्वी भाऊबीजेला बहिणीकडे गेलो होतो. फराळाचं ताट पुढ्यात असताना भाच्यानं विचारलं, "मामा, मराठीत काय वाचू?" इंजिनियर मुलगा आपणहून विचारतोय म्हटल्यावर मला चेव आला. पाठकोऱ्या कागदावर पंचवीस नावं लिहून दिली. पुढच्या वर्षी त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं, की यादी वर्षभर फ्रिजवर लावलेली होती आणि त्यातलं एकही पुस्तक वाचून झालेलं नाही. चूक माझीच. पंचवीस नावं म्हणजे किराण्याची यादी, ती वाचून कोणाला भूक लागत नाही. त्या खेपेला मी यादी दिली नाही, पिशवीतून दोन पुस्तकं काढून दिली. एक कादंबरी, दुसरं माहितीचं, आणि दोन्हींची जमीन एकच. ती त्यानं महिन्याभरात संपवली. तेव्हापासून मी पुस्तकं जोडीनंच सुचवतो.

आपल्या वाचनालयांनी या जोड्या फार पूर्वीच फोडल्या आहेत. कथा-कादंबऱ्यांचं कपाट दाराशी, आणि ‘वैचारिक’, ‘संकीर्ण’ वगैरे मागच्या भिंतीला, जिथली ट्यूब कायम गेलेली असते. कादंबरीवाले तिकडे फिरकत नाहीत आणि तिकडचे कादंबरीला वेळेचा अपव्यय समजतात. दोघांचंही नुकसान होतं.

भाच्याला दिलेली जोडी होती त्र्यं. ना. आत्रे यांचा ‘गावगाडा’ आणि व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’. ‘गावगाडा’ 1915चा. पाटील-कुलकर्णी, वतनं, बलुतेदार, गावाच्या सणावारांचे खर्च, दारात येणारे फिरस्ते असं सगळं आत्रे एखाद्या कडक हिशेबनिसासारखे मांडत जातात. भाषा जुनी आहे. पहिली वीस-पंचवीस पानं जड जातील. पण बलुत्याची देवघेव प्रत्यक्षात कशी चाले, कोण कोणाला काय देणं लागे आणि त्यात कोण नाडला जाई, हे इतकं तपशिलात सांगणारं पुस्तक मराठीत विरळा. 1955ची ‘बनगरवाडी’ त्या हिशेबात माणसं उभी करते. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर एक पोरगेला मास्तर येतो, शाळा भरवतो, वाडीला तालीम बांधायला लावतो, आणि शेवटी दुष्काळ पडतो. दीडशे पानांच्या आतलं हे पुस्तक एका रात्रीत वाचून होतं. कोणाला आयुष्यात एकच मराठी कादंबरी वाचायची असेल, तर मी नेमाड्यांच्या ‘कोसला’च्या आधी हिचं नाव घेईन. नेमाडेपंथीयांनी रागावू नये.

या जोडीला एक तिसरं पुस्तक जोडल्याशिवाय मला राहवत नाही. आत्रे फिरस्त्यांकडे फार कडवटपणे पाहतात. कुणब्याच्या जिवावर जगणारे, गावाला नडणारे लोक, असाच त्यांचा सूर आहे. त्यांनी गावाच्या वेशीत उभं राहून भटक्यांकडे पाहिलं. 1980 साली लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ आलं आणि मराठी वाचकाला तीच वेस बाहेरून दिसली. कैकाडी घरातलं पोर, गाढवांच्या पाठीवरचा संसार, टोपल्या विणून पोट भरायचं, एका गावातून उठायचं आणि दुसऱ्या गावाच्या बाहेर उतरायचं. ‘गावगाडा’ वाचून झाल्यावर ‘उपरा’ हातात घ्या. पासष्ट वर्षांनी आलेलं उत्तर वाचल्यासारखं वाटेल. माने यांनी ते आत्र्यांना उद्देशून लिहिलं असं मी म्हणत नाही. पण पुस्तकं एकमेकांशी बोलतात ती लेखकांना न विचारताच.

दुसरी जोडी 1967ची. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ आणि इरावती कर्वे यांचं ‘युगान्त’, दोन्ही त्याच वर्षी निघाली. ‘मृत्युंजय’ची शिफारस करायला नको; ती घरोघरी आहे, लग्नाच्या आहेरातसुद्धा आलेली आहे. पण तिच्या शेजारी ‘युगान्त’ किती घरांत असतं? सावंत कर्णाला सूर्याएवढा करतात. इरावतीबाई मानवशास्त्रज्ञ. त्यांनी महाभारत नात्यागोत्यांचं, कुळांचं, जमिनीच्या हव्यासाचं पुस्तक म्हणून वाचलं, आणि भीष्मापासून द्रौपदीपर्यंत प्रत्येकाला देव्हाऱ्यातून खाली उतरवून ओसरीवर बसवलं. खांडववन जाळण्याबद्दल त्यांनी विचारलेला प्रश्न वाचल्यावर कृष्णार्जुनांकडे पूर्वीसारखं पाहता येत नाही. माझा कौल ‘युगान्त’ला आहे, हे लपवत नाही. तरी आधी ‘मृत्युंजय’ वाचावी. डोळे दिपल्याशिवाय मंद उजेडाची किंमत कळत नाही.

मुंबईच्या वाचकांना गिरणगावची जोडी देतो. 18 जानेवारी 1982ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मिटलाच नाही. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या बायकापुरुषांना बोलतं करून त्यांच्याच शब्दांत इतिहास उभा केला. मराठीत तो ‘कथा मुंबईच्या गिरणगावची’ या नावानं आहे. खाणावळी चालवणाऱ्या बायका, शाहीर, युनियनचे कार्यकर्ते असे सगळे तिथे भेटतात. त्यासोबत जयंत पवारांचा कथासंग्रह ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’. फिनिक्स गिरणीच्या जागी आज मॉल आहे, हे लोअर परळला उतरणाऱ्या कोणालाही ठाऊक असतं. पवारांच्या कथा वाचून त्या मॉलच्या सरकत्या जिन्यावर पाय ठेवून पाहा.

बाकीच्या काही जोड्या भराभर सांगतो. दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ महिन्याचं एक प्रकरण याप्रमाणे वर्षभर पुरवावं, आणि त्याच्या सोबतीला जून 2025मध्ये आपल्यातून गेलेल्या मारुती चितमपल्लींचं ‘चकवा चांदण’. (ही जोडी नियमात बसत नाही, दोन्हींत कल्पित काही नाही. पण नियम मीच केलाय.) लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ला प्रकाश नारायण संतांचा ‘वनवास’. सोवळ्यापायी घरात आलेली प्रत्येक चीज धुऊन घेणारे वडील, आणि पुढे ख्रिस्ती झालेला नवरा, इतकं सोसून बाई हसत सांगतात. आणि संतांचा लंपन बेळगावाकडच्या कानडी वळणाच्या मराठीत जगाकडे ‘मॅडसारखा’ बघत राहतो. आजारातून उठलेल्या माणसाला यांहून चांगलं पथ्य नाही.

शेवटची जोडी माझी सर्वांत लाडकी. वरसईचे विष्णुभट गोडसे हे पेण भागातले कर्जानं गांजलेले भिक्षुक. मथुरेला बायजाबाई शिंदे यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळेल, असं ऐकून 1857 साली काकांना घेऊन निघाले आणि थेट बंडाच्या वावटळीत सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरात होते. लूट, कत्तल, तहानेनं व्याकूळ झालेलं शहर हे सगळं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. कमावलेलं धन लुटारूंनी नेलं, आणि हा माणूस आईवडिलांसाठी गंगेची कावड मात्र घेऊन घरी परतला. पुढे म्हातारपणी त्यांनी लिहून काढलेली ही हकिगत म्हणजे ‘माझा प्रवास’. तीत वीररस बेताचाच आहे. भूक आहे, भीती आहे, कोणी किती दक्षिणा दिली याच्या चोख नोंदी आहेत, आणि म्हणूनच झाशीच्या राणीवरच्या दहा कादंबऱ्यांपेक्षा तिच्यात राणी जास्त जिवंत दिसते.

याच्या शेजारी नंदा खरे यांची ‘अंताजीची बखर’ ठेवा. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून गेल्या, त्या काळातल्या एका लबाड, चतुर ब्राह्मणाची ही आत्मकथा, आणि ती संपूर्ण रचलेली. बंगालात आजही अंगाईगीतात पोरांना ज्या ‘बर्गीं’चं भय घालतात, ते बर्गी म्हणजे आपलेच स्वार. अटकेपार झेंड्याच्या गोष्टींवर वाढलेल्या मराठी वाचकाला हे अंताजीच्या तोंडून ऐकणं बोचतं, आणि बोचायलाच हवं. पेशानं स्थापत्य अभियंता असलेल्या खऱ्यांनी बखरीची भाषा इतकी बेमालूम उचलली आहे, की भाच्यानं मला फोन करून विचारलं, "मामा, ही बखर मिळाली कुठे?" याच खऱ्यांनी ‘उद्या’ कादंबरीला जाहीर झालेला 2020 सालचा साहित्य अकादमी पुरस्कार नाकारला होता.

गंमत अशी, की यातली खोटी बखर लेखकानं लिहिली तशीच आपल्यापर्यंत आली, आणि खरी हकिगत मात्र नाही. 1907 साली चिंतामणराव वैद्यांनी ‘माझा प्रवास’ छापला तेव्हा मजकुरात स्वतःचे फेरफार केले. विष्णुभटांचं मूळ हस्तलिखित जसंच्या तसं छापलं दत्तो वामन पोतदारांनी, 1966 साली. बाजारात दोन्ही धर्तीच्या आवृत्त्या दिसतात. पुस्तक घेण्याआधी प्रस्तावना उघडा, आतली संहिता कोणाची आहे ते पाहा, आणि पोतदारांचीच मागा.