घरातल्या नेटची किल्ली

पनवेलात आमचा प्रौढांचा वर्ग संध्याकाळी भरतो. वर्गाला येणारी मंडळी दिवसभर राबणारी. कोणी भाजी विकतात, कोणी रिक्षा चालवतात, कोणी डबे करून देतात. वाचन-लेखन आटोपले, की घरच्या गोष्टी निघतात.

अशाच एका संध्याकाळी डबे करणाऱ्या ताई म्हणाल्या, "गुरुजी, नेटचे पैसे आम्ही दर महिन्याला भरतो. पण नातवाचा अभ्यासाचा व्हिडिओ सारखा अडकतो. कंपनीला फोन केला, तर लाइन ठीक आहे म्हणतात."

आम्ही विचारले, "ताई, तुमच्या वायफायचा पासवर्ड कोणाकोणाला ठाऊक आहे?"

ताई बोटे मोजू लागल्या. घरातली चौघे. वरच्या खोलीतले भाडेकरू. पूर्वीचे भाडेकरू, ते आता समोरच्या इमारतीत राहतात. किराणा दुकानातला पोरगा. एका हाताची बोटे संपली, दुसऱ्या हाताची संपली. मग ताईच हसून म्हणाल्या, "अहो, पासवर्ड म्हणजे माझाच मोबाइल नंबर. जोडायला आलेल्या माणसानं तसाच ठेवून दिला. आणि नंबर तर डब्यांच्या पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलाय!"

सारा वर्ग हसला. आम्हीही हसलो. पण ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ती का नाही, आणि हा पासवर्ड आपला आपण कसा बदलावा, हे या पाठात पाहू.

वायफाय म्हणजे काय?

नेटची तार घरात येते ती एका लहानशा पेटीत. तिला राउटर म्हणतात. राउटर म्हणजे घरातले छोटे रेडिओ केंद्रच. तो हवेतून लहरी सोडतो. फोन त्या लहरी धरतो आणि उलट आपल्या लहरी पाठवतो. या लहरींनाच आपण वायफाय म्हणतो.

लहरींना भिंत अडवीत नाही. त्या शेजाऱ्याच्या घरात जातात, जिन्यात जातात, रस्त्यावरही जातात. म्हणून घराचे दार लावले, तरी वायफायचे दार लागत नाही. त्याचे कुलूप निराळे. ते कुलूप म्हणजे पासवर्ड.

ताईंच्या घरी झाले ते असे. नळ एक आणि हंडे पंधरा. तीन-चार जण सिनेमा लावून बसले, की नातवाच्या व्हिडिओला धार कोठून मिळणार? पण नेट हळू चालते, हा त्यातला लहान तोटा आहे. मोठा तोटा पुढेच आहे.

सानपाड्याची हकीकत

पनवेलहून लोकलने निघालात, की खांदेश्वर, मानसरोवर, खारघर अशी स्टेशने घेत आठवे स्टेशन येते सानपाडा. तेथे २००८ साली एक अमेरिकन गृहस्थ भाड्याच्या घरात राहत होते. त्यांच्या घरी वायफाय होते, पण त्याला पुरेसे कुलूप नव्हते.

२६ जुलै २००८ रोजी संध्याकाळी अहमदाबाद शहरात एकामागून एक बॉम्बस्फोट झाले. ५६ माणसे मेली. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीची मेल आली होती. पोलिसांनी त्या मेलचा माग काढला. माग येऊन थांबला तो सानपाड्याच्या त्या घराशी.

माग कसा निघतो? प्रत्येक जोडणीला नेटवर आकड्यांचा एक पत्ता असतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. घरात दहा फोन चालू असोत, बाहेरच्या जगाला पत्ता दिसतो तो एकच. आणि कंपनीच्या दप्तरात त्या पत्त्यापुढे नाव असते ते जोडणी घेणाऱ्याचे.

त्या गृहस्थांची चौकशी झाली. त्यांचे संगणक तपासणीला गेले. अखेर त्यांचा त्या कटाशी संबंध नाही, दुसऱ्याच कोणी त्यांचे वायफाय वापरले, असे पोलिसांना आढळले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये माटुंग्याच्या एका महाविद्यालयाच्या, आणि सप्टेंबरमध्ये चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून अशाच मेल गेल्या. पुढे फेब्रुवारी २००९ मध्ये केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाने नेट पुरवणाऱ्या कंपन्यांना वायफाय सुरक्षित ठेवण्याबद्दल सूचना काढल्या.

त्या गृहस्थांनी काही वाईट केले नव्हते. पण पोलीस पहिल्यांदा आले ते त्यांच्याच दारी. मंडळी, यातला बोध साधा आहे. जोडणी ज्याच्या नावावर, त्याला जाब विचारला जातो. म्हणून किल्लीही त्याच्याच हाती हवी.

किल्ल्या दोन आहेत

येथे पुष्कळांचा घोटाळा होतो. राउटरला एक नव्हे, दोन पासवर्ड असतात.

पहिला पासवर्ड वायफायचा. तो फोनात घातला की नेट चालू होते. दुसरा पासवर्ड राउटरच्या आतल्या खोलीचा. त्या खोलीत शिरले, म्हणजे पहिला पासवर्ड बदलता येतो. पहिली किल्ली घराची म्हणा, दुसरी तिजोरीची.

कारखान्यातून येताना ही दुसरी किल्ली पुष्कळ राउटरांना सारखीच असते. 'अॅडमिन' हे नाव आणि 'अॅडमिन' हाच पासवर्ड, असेही असते. चोरांना हे चांगले ठाऊक असते. २०१६ साली 'मिराय' नावाचा एक दुष्ट प्रोग्रॅम जगभर पसरला. त्याच्याजवळ अशा कारखानी नावांची आणि पासवर्डांची साठाच्या आसपास जोड्यांची यादी होती. त्या लावून त्याने लोकांच्या घरातले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्यांच्याच जोरावर हल्ला झाला, आणि अमेरिकेत मोठमोठ्या वेबसाइट कित्येक तास उघडेनात. ज्यांचे कॅमेरे वापरले गेले, त्यांना पत्ताही नव्हता. म्हणून दोन्ही किल्ल्या बदलाव्यात.

पासवर्ड कसा निवडावा?

वायफायच्या पासवर्डात कमीत कमी ८ आणि जास्तीत जास्त ६३ अक्षरे चालतात. मोबाइल नंबर, जन्मतारीख, गाडीचा नंबर, मुलाचे नाव हे घालू नये. ते शेजाऱ्याला ठाऊक असते. नुसते आकडेही नकोत. आठ आकड्यांचे १० कोटी प्रकार होतात. माणसाला ते फार वाटतात, पण चांगल्या संगणकाला सगळे लावून पाहणे हे काही मिनिटांचे काम आहे.

सोपी युक्ती सांगतो. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द घ्या. मडके, घंटा, पिवळा, बैल. ते इंग्रजी अक्षरांत सलग लिहा आणि शेवटी एखादा आकडा घाला. असा पासवर्ड लांब होतो, चोराला सापडत नाही, आणि आपल्याला मात्र आठवतो. फक्त हेच चार शब्द घेऊ नका. ते आम्ही येथे छापले, म्हणजे ते गुपित राहिले नाही.

पासवर्ड आधी वहीत लिहा. मोठी लिपी आणि लहान लिपी नीट पाहा, कारण राउटर त्यांना वेगळी अक्षरे समजतो. वही कपाटात ठेवा. भिंतीवर चिकटवू नका.

बदलावा कसा?

पहिली पायरी. राउटर चालू ठेवून हळूच उलटा करा. पाठीवर एक चिठ्ठी असते. तिच्यावर वायफायचे नाव, त्याचा पासवर्ड, राउटरचा पत्ता, आणि आत शिरण्याचे नाव व पासवर्ड छापलेले असतात. अक्षरे बारीक असतात. चष्मा लावा, आणि सारे वहीत उतरवून घ्या.

दुसरी पायरी. फोन आपल्याच वायफायला जोडा. मोबाइल डेटा बंद करा. क्रोमसारखा ब्राउझर उघडा. वरच्या पट्टीत राउटरचा पत्ता लिहा. तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा असतो, पण चिठ्ठीवर असेल तोच खरा. आकडे इंग्रजी लिहावेत, मधली टिंबे विसरू नयेत. कधी कधी 'हे पान सुरक्षित नाही' अशी सूचना येते. पत्ता अक्षर न् अक्षर बरोबर असेल, तर आपण आपल्याच घरातल्या राउटरशी बोलत आहोत. पुढे जावे.

तिसरी पायरी. आत शिरण्याचे नाव आणि पासवर्ड घाला.

चौथी पायरी. 'वायरलेस', 'वायफाय' किंवा 'डब्ल्यूलॅन' असा शब्द शोधा. त्याच्या आत 'सिक्युरिटी' असते. कुलपाचा प्रकार विचारला, तर 'डब्ल्यूपीए ३' किंवा 'डब्ल्यूपीए २' निवडा. 'वेप' नावाचे कुलूप जुने आणि गंजलेले आहे, ते घेऊ नका. खाली 'पासवर्ड', 'पासफ्रेज' किंवा 'की' असा रकाना असतो. तिन्हींचा अर्थ येथे एकच. जुना शब्द पुसा, वहीतला नवा लिहा.

पाचवी पायरी. 'सेव्ह' किंवा 'अप्लाय' दाबा. लगेच वायफाय तुटेल. घाबरू नका. कुलूप बदलल्यावर जुनी किल्ली चालत नाही, तसेच हे. फोनात वायफायच्या जुन्या नावावर 'फर्गेट' दाबा, मग पुन्हा जोडताना नवा पासवर्ड घाला. टीव्हीलाही तोच घालावा लागेल. पुष्कळ राउटरांत २.४ आणि ५ असे दोन पट्टे असतात. दोन नावे दिसत असतील, तर दोन्हींचा पासवर्ड बदला.

सहावी पायरी. पुन्हा आत शिरा. 'सिस्टीम' किंवा 'मॅनेजमेंट' या शब्दाखाली आतल्या खोलीचा पासवर्ड बदला. तो वायफायच्या पासवर्डाहून निराळा ठेवा.

काही राउटरांची आतली खोली कंपनी स्वतःकडे राखते. तेथे कंपनीच्या मोबाइल अॅपमधून पासवर्ड बदलता येतो का ते पाहावे, नाही तर त्यांना फोन करून विचारावे. मात्र फोन नंबर बिलावरचा घ्यावा, नेटवर शोधलेला नको. आणि एक सावधगिरी. राउटरच्या मागे 'रिसेट'चे बारीक भोक असते. त्यात सुई घालून दाबून धरले, की सगळे कारखान्यात होते तसे होते. त्यात कंपनीने भरलेली माहितीही पुसली जाऊ शकते, आणि नेट बंद पडते. अगदी नाइलाज झाल्याशिवाय तेथे हात लावू नये.

शेजारधर्माचे काय?

हे सारे सांगून झाल्यावर ताई थोड्या गप्प झाल्या. म्हणाल्या, "गुरुजी, पण एकदम बंद केलं तर बरं दिसेल का? दारातल्याला आपण पाणीसुद्धा नाही म्हणत नाही. समोरचा पोरगा नोकरीचे अर्ज भरतो माझ्या नेटवर."

प्रश्न खरा होता. आम्ही म्हणालो, "ताई, तहानेल्याला पाणी जरूर द्या. पण घराची किल्ली देऊ नका." पुष्कळ राउटरांत 'गेस्ट नेटवर्क' म्हणून सोय असते. गेस्ट म्हणजे पाहुणा. पाहुण्यांसाठी वेगळे नाव आणि वेगळा पासवर्ड ठेवता येतो. पाहुणा ओटीवर बसतो, माजघरात येत नाही. काम झाले की तेवढे बंद करता येते. पण लक्षात ठेवा, पाहुण्याने वाईट काम केले, तरी बाहेर दिसणारा पत्ता तुमचाच. म्हणून ओटीही ओळखीच्यालाच द्यावी.

आम्ही स्वतः मॅट्रिक. आमच्या शाळेच्या दिवसांत ही यंत्रे नव्हती. आम्हीही निवृत्त झाल्यावर एका विद्यार्थ्याच्या शेजारी बसून हे शिकलो, आणि पहिल्यांदा टिंब विसरलो म्हणून अर्धा तास पान उघडले नाही. सांगायचे इतकेच, की यात बुद्धीपेक्षा धीर अधिक लागतो. वाचता येते आणि लिहिता येते, त्याला हे येते.

पुढच्या आठवड्यात ताई वर्गाला आल्या त्या वही घेऊन. पासवर्ड त्यांनी स्वतः बदलला होता. नातू फक्त शेजारी उभा होता. समोरच्या पोराला बोलावून त्यांनी पाहुण्याची किल्ली दिली होती. बाकीच्यांना "आता नाही हो" असे सांगितले होते. दोघे जण जरा रुसले. व्हिडिओ अजून एखाद्या वेळी अडकतो, पण पूर्वीसारखा नाही.

आम्ही म्हटले, "शाबास! बघू तर, काय शब्द ठेवला?"

ताईंनी वही चटकन मिटली. म्हणाल्या, "ते मात्र नाही सांगणार, गुरुजी."

त्या दिवशी आम्ही ताईंना पैकीच्या पैकी गुण दिले.